फर्डिनांड पोर्शे आणि त्यांची छोटी गाडी

रस्त्यावरून जाताना तुम्ही या दोन गाड्या नक्की पाहिल्या असतील. एक पोर्शे. बुटकी, वेगवान आणि भरपूर महाग. दुसरी फोक्सवॅगनची बीटल. गोल पाठीची, भुंग्यासारखी दिसणारी. या दोघींमध्ये काही नातं असेल असं वाटतं का? नाही ना? पण दोघींचं मूळ एकाच माणसापाशी जातं. त्यांचं नाव फर्डिनांड पोर्शे. आज त्यांची गोष्ट वाचू या. ही गोष्ट हुशारीची आहे, पण फक्त हुशारीची नाही.

घरात वीज

फर्डिनांडचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी माफर्सडॉर्फ नावाच्या गावात झाला. तेव्हा हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होतं. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. वडील पत्र्याचं काम करायचे. मुलाने आपलाच धंदा पुढे चालवावा, असं त्यांना वाटायचं. फर्डिनांडला मात्र विजेचं वेड लागलं होतं. दिवसा तो वडिलांच्या हाताखाली काम करायचा आणि संध्याकाळी जवळच्या शहरात तांत्रिक शाळेच्या वर्गाला जायचा. १८९३ साली त्याने स्वतःच्या हातांनी घरात विजेचे दिवे लावले. तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा होता!

मग तो व्हिएन्नाला गेला आणि विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागला. कॉलेजला जाणं जमलं नाही. मग त्याने काय केलं? काम संपलं की तो तिथल्या तांत्रिक विद्यापीठात गुपचूप शिरायचा आणि व्याख्यानं ऐकायचा. पुढे १९१७ साली याच विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

चाकात मोटर

विजेवर चालणारी गाडी ही आजकालची गोष्ट आहे, असं तुम्हाला वाटत असेल. पण १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पोर्शे यांनी बनवलेली विजेची गाडी मांडलेली होती. तिची मोटर थेट चाकांमध्ये बसवली होती. अडचण एकच होती. बॅटरी फार जड. म्हणून त्यांनी गाडीत पेट्रोलचं इंजिन बसवलं आणि त्या इंजिनाने वीज तयार केली. म्हणजे आपण आज जिला हायब्रिड म्हणतो, तीच गाडी बघा.

नंतर त्यांनी ऑस्ट्रो-डाइमलर आणि डाइमलर अशा मोठ्या कंपन्यांत काम केलं. शर्यतीच्या गाड्या बनवल्या, नाव कमावलं. पण डोक्यात एक कल्पना घोळत होती. साध्या माणसाला परवडेल अशी छोटी गाडी. मालकांना ही कल्पना पटेना. शेवटी १९३१ साली त्यांनी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरात स्वतःचं ऑफिस काढलं. सोबत दोन भागीदार होते. एक जावई अँटोन पिएख, आणि दुसरे अडोल्फ रोझेनबर्गर. रोझेनबर्गर शर्यतीत गाडी चालवायचे आणि त्यांनी या धंद्यात पैसेही घातले होते. हे नाव लक्षात ठेवा.

स्वप्न कोणाकडून घ्यायचं?

१९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. त्यालाही जनतेसाठी स्वस्त गाडी हवी होती, हजार मार्कांच्या आतली. १९३४ साली तिचं काम पोर्शे यांना मिळालं. इतकी वर्षं ज्या स्वप्नासाठी पैसे मिळत नव्हते, त्यासाठी आता सरकारच उभं राहिलं. पोर्शे यांनी होकार दिला. १९३७ साली ते नाझी पक्षाचे सभासदही झाले.

आणि रोझेनबर्गर? ते ज्यू होते. १९३५ साली त्यांचा कंपनीतला हिस्सा अगदी थोड्या पैशांत गेला. त्याच वर्षी नाझींनी त्यांना अटक केली. सुटका झाल्यावर त्यांनी देश सोडला आणि शेवटी ते अमेरिकेत गेले.

१९३८ साली गाडीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. लोकांनी दर आठवड्याला पाच मार्कांची तिकिटं विकत घेऊन गाडीसाठी पैसे साठवले. तीन लाखांहून जास्त लोक होते ते. पण १९३९ साली युद्ध सुरू झालं आणि त्यांतल्या एकालाही गाडी मिळाली नाही. कारखान्यात सैन्यासाठी वाहनं आणि शस्त्रं बनू लागली. तिथे सुमारे २०,००० लोकांना जबरदस्तीने राबवलं गेलं. त्यांत युद्धकैदी होते, छळछावण्यांतले कैदी होते. कारखाना चालवणाऱ्यांमध्ये पोर्शे आणि त्यांचे जावई होते.

युद्धानंतर

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी पोर्शे यांना पकडलं. सुमारे वीस महिने ते तुरुंगात होते. इकडे ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात मुलगा फेरी छोट्याशा जागेत कामाला लागला. १९४८ साली त्याने पोर्शे नावाची पहिली स्पोर्ट्स कार बनवली, ३५६. तिचे बरेच भाग फोक्सवॅगनचेच होते. त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांचा करार झाला. प्रत्येक बीटलमागे पोर्शे कंपनीला ठराविक रक्कम मिळू लागली.

३० जानेवारी १९५१ रोजी फर्डिनांड पोर्शे वारले. बीटल मात्र थांबली नाही. २००३ सालापर्यंत दोन कोटींहून जास्त बीटल बनल्या.

नातवांची लढाई

आता गंमत बघा. २००५ साली पोर्शे कंपनीने फोक्सवॅगनचे शेअर घ्यायला सुरुवात केली. पोर्शे वर्षाला सुमारे एक लाख गाड्या विकायची, आणि फोक्सवॅगन साठ लाखांच्या आसपास! कोपऱ्यावरच्या वाण्याने अख्खा मॉल विकत घ्यावा, तसं हे झालं. जानेवारी २००९ मध्ये पोर्शेकडे निम्म्याहून जास्त मतांचे शेअर आले.

पण यासाठी कर्ज डोक्यावर केवढं झालं होतं! त्यात जगभर आर्थिक संकट आलेलं. बँका हात आखडता घेऊ लागल्या. शेवटी उलटंच झालं. फोक्सवॅगननेच पोर्शेचा गाड्यांचा धंदा विकत घेतला. २०१२ साली तो पूर्णपणे तिच्याकडे गेला.

मग जिंकलं कोण? या भांडणात एका बाजूला वोल्फगांग पोर्शे होते आणि दुसऱ्या बाजूला फर्डिनांड पिएख. एक फर्डिनांड यांच्या मुलाचा मुलगा, दुसरा मुलीचा मुलगा. म्हणजे मामेभाऊ आणि आतेभाऊ! आजही कुटुंबाच्या ताब्यातल्या एका कंपनीकडे फोक्सवॅगनची निम्म्याहून जास्त मतं आहेत. म्हणजे धंदा गेला, पण चाव्या घरातच राहिल्या.

पुण्याजवळ चाकणलाही फोक्सवॅगनचा कारखाना आहे. सुट्टीत आजी-आजोबांकडे गेलात आणि त्या रस्त्याने जाणं झालं, तर ही गोष्ट आठवा. पत्र्याचं काम करणाऱ्याच्या हुशार मुलाची आठवा, आणि ज्यांचं नावही आपल्याला माहीत नाही त्या वीस हजार लोकांचीही आठवा. एकाशिवाय दुसरी सांगितली, तर ती अर्धीच राहते.

शब्दार्थ
मानद – सन्मान म्हणून दिलेलं
भागीदार – धंद्यात हिस्सा असलेला माणूस
पायाभरणी – बांधकामाची सुरुवात
राबवणं – खूप कष्टाचं काम करून घेणं
हात आखडता घेणं – पैसे द्यायला मागेपुढे पाहणं

विचार करा आणि सांगा
१. कॉलेजला न जाता फर्डिनांड कसा शिकला?
२. मामेभाऊ आणि आतेभाऊ म्हणजे कोण? तुम्हाला किती आहेत?
३. तुमचं आवडतं काम करायची संधी वाईट माणसाने दिली, तर तुम्ही काय कराल? पाच-सहा वाक्यं लिहा.