बाबासाहेबांच्या पायांचे दुखणे: मालिश कुठे उपयोगी, कुठे नाही

महाड-पोलादपूर भागात पायांची तक्रार घरोघरी ऐकू येते. भातलावणीत दिवसभर चिखलात उभे राहायचे, घाटवाटांची चढउतार करायची, पावसाळाभर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या सोसायच्या. त्यातच चाळिशीनंतर मधुमेह गाठतो. पाय दुखू लागले की घरातले कोणीतरी तेलाची वाटी घेऊन चेपायला बसते. अलीकडे ‘लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज’ हे नावही अनेकांच्या कानावर आले आहे. हा मसाज नेमका कोणासाठी आणि कोणासाठी नाही, हे समजून घ्यायला महाडशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य उपयोगी पडते.

बालपण आणि पाणी

बाबासाहेबांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सैन्यात सुभेदार होते आणि महू येथे असताना, १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यायचे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहायचे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ मध्ये बी.ए. झाल्यावर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. नंतर लंडनला अर्थशास्त्र आणि कायद्याचा अभ्यास केला. अपुरे जेवण, अपुरी झोप आणि तासन् तास बसून वाचन, अशी ती वर्षे होती.

महाड, १९२७

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. प्रत्यक्षात पाणी भरायला कोणी धजावत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली आणि २० तारखेला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले. त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल दलितांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला.

पायांचे दुखणे

१९४७ मध्ये ते कायदामंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. तोवर मधुमेहाने त्यांना पुरते गाठले होते. पायांत असह्य वेदना होत, रात्री झोप लागत नसे. उपचारांसाठी ते मुंबईत डॉ. मालवणकरांकडे जात. मुंबईतच त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. पुढे सविता म्हणून ओळखल्या गेलेल्या या डॉक्टर पत्नीने त्यांचे औषध, पथ्य आणि इन्सुलिन सांभाळले. तशा प्रकृतीत त्यांनी मसुद्याच्या एकेका कलमावरील चर्चेला उत्तरे दिली. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले.

त्यांच्या अखेरच्या वर्षांत त्यांचे सहायक नानकचंद रत्तू त्यांचे पाय चेपून देत, डोक्याला तेल लावत. त्याने आराम वाटे, पण दुखण्याचे मूळ तसेच राही.

याचे कारण वैद्यकीय आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसांना इजा होते. याला मधुमेही न्यूरोपॅथी म्हणतात. आग होणे, मुंग्या येणे, रात्री वेदना वाढणे आणि हळूहळू पाय बधिर होणे ही तिची लक्षणे. बाबासाहेबांचा त्रास मज्जातंतूंचा होता. अशा त्रासात हलके चेपल्याने बरे वाटते, पण खरा उपचार म्हणजे साखरेवर ताबा, वेदनेवर योग्य औषध आणि रोज तळपाय तपासणे. बधिर पायाला गरम तेल लावल्यास भाजलेले कळतही नाही. म्हणून तेल किती गरम आहे हे ज्याच्या हाताला संवेदना आहे अशा माणसाने आधी पाहावे.

मग लसिका निचऱ्याचा मसाज कोणासाठी?

रक्तातून पेशींभोवती झिरपलेल्या पाण्याचा काही भाग लसिकावाहिन्या गोळा करून परत रक्तात पोहोचवतात. रक्ताला हृदयाचा पंप आहे. लसिका मात्र या वाहिन्यांच्या स्वतःच्या आकुंचनावर, स्नायूंच्या हालचालीवर आणि श्वासावर पुढे सरकते. हत्तीपायाच्या जंतांमुळे, कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत लसिकाग्रंथी काढल्यामुळे किंवा रेडिएशनमुळे ही वाट अडली की हात किंवा पाय सुजून जड होतो. एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये काम करताना लसिका निचऱ्याच्या मसाजाची पद्धत विकसित केली.

पैलवानाच्या मालिशीशी तिचे काही साम्य नाही. दाब अगदी हलका, जेमतेम त्वचा सरकेल इतकाच असतो. आधी मान, काख किंवा जांघेतल्या ग्रंथींकडची वाट मोकळी करतात, मग सुजलेल्या भागाकडे वळतात. सोबत पट्टी बांधणे, व्यायाम आणि त्वचेची निगा हवीच. नुसत्या मसाजाने सूज पुन्हा भरते. शरीरातील ‘विषारी द्रव्ये’ काढणे किंवा चरबी घटवणे हे काम हा मसाज करत नाही. शरीरातले टाकाऊ पदार्थ बाहेर काढायला यकृत आणि मूत्रपिंड समर्थ आहेत.

पुढील परिस्थितीत मसाज करून घेऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा:

- एकाच पायाला अचानक सूज आणि पोटरीत दुखणे (शिरेत रक्ताची गाठ असू शकते)
- पाय लाल, गरम होऊन ताप येणे
- दोन्ही पाय सुजून दम लागणे, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असणे
- मधुमेहात पायाला जखम किंवा बधिरपणा असणे

पुन्हा पाण्याकडे

हत्तीपायाच्या रुग्णाला सर्वांत आधी आम्ही जे सांगतो, ते मसाजाच्याही आधीचे आहे. रोज साबण आणि स्वच्छ पाण्याने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चिखल्या आणि भेगांवर वेळीच मलम लावा, बसताना पाय उंच ठेवा. त्वचेतल्या छोट्या भेगेतून जंतू शिरले की ताप येतो आणि प्रत्येक तापाबरोबर सूज वाढत जाते. म्हणजे या उपचाराची पहिली पायरी पाणी आहे. ज्याला पाणवठ्यावर जाता येत नाही, त्याला ही पायरीच चढता येत नाही. महाडला बाबासाहेबांनी ज्या हक्कासाठी पाऊल उचलले, त्यावर माणसाची प्रतिष्ठा तर अवलंबून होतीच, पण आरोग्यही अवलंबून होते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते काठीच्या आधाराने उभे होते. ६ डिसेंबर १९५६ च्या पहाटे दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी झोपेतच त्यांचे निधन झाले. वय होते ६५.

त्यांच्या काळी घरी साखर तपासण्याचे यंत्र नव्हते आणि औषधेही मोजकीच होती. आज बरेच काही सरकारी रुग्णालयातही मिळते. म्हणून घरात कोणाचे पाय दुखत किंवा सुजत असतील, तर जरूर चेपून द्या. त्या हातांच्या मायेला मोल आहे. पण तेलाची वाटी उचलण्यापूर्वी एकदा साखर तपासा, पाय उजेडात नीट पाहा आणि दुखणे कशाचे आहे ते डॉक्टरांकडून जाणून घ्या.