ज्यूल व्हर्न

फ्रान्स देशाच्या पश्चिम भागात ल्वार नदीच्या काठी नांत नावाचे जुने बंदर आहे. दूरदूरच्या देशांतून माल घेऊन आलेली गलबते तेथील धक्क्याला लागत. याच गावी ८ फेब्रुवारी १८२८ रोजी ज्यूल व्हर्नचा जन्म झाला. त्याचे वडील वकील होते. आईच्या घराण्यात दर्यावर्दी व जहाजांचे मालक होऊन गेले होते. लहानगा ज्यूल गलबतांच्या डोलकाठ्यांकडे तासन् तास पाहत राही. एकदा तो घरात कोणालाही न सांगता जहाजावर चढला व वडिलांनी त्याला वाटेतच उतरवून घेतले, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, समुद्राची ओढ मात्र त्याच्या मनातून जन्मभर गेली नाही.

ज्यूल हा भावंडांत थोरला. त्याने वकील होऊन आपला व्यवसाय पुढे चालवावा, अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी त्याला पॅरिसला पाठवले. ज्यूलने कायद्याची पदवी मिळवली. परंतु त्याचे चित्त नाटकांत गुंतले होते. प्रसिद्ध ऐतिहासिक कादंबरीकार अलेक्झांडर ड्यूमा याच्याशी त्याचा परिचय झाला आणि १८५० साली ड्यूमाच्याच नाट्यगृहात ज्यूलची एक छोटी नाटिका रंगभूमीवर आली. पुढे १८५२ च्या सुमारास वडिलांनी त्याला आपली वकिली सांभाळण्यासाठी बोलावले. प्रतिष्ठा व पैसा दोन्ही हात जोडून उभे होते. उलट लेखनातून पोटही धड भरत नव्हते. तरीही त्याने नम्रपणे, पण ठामपणे नकार दिला.

या निश्चयाची किंमत त्याला दहा वर्षे द्यावी लागली. काही काळ त्याने एका नाट्यगृहात चिटणिसाचे काम केले. १८५७ साली त्याचा विवाह झाला. मग संसार चालवण्यासाठी तो शेअरबाजारात दलाली करू लागला. पण लेखन सुटले नाही. तो पहाटे पाच वाजता उठे, काही तास लिही आणि मग कामावर जाई. सवड मिळेल तेव्हा तो ग्रंथालयात बसून भूगोल, खगोल, यंत्रविद्या आणि प्रवासवर्णने वाची. ड्यूमाने इतिहासातून कादंबऱ्या घडवल्या. तशा विज्ञानातून व भूगोलातून का घडवू नयेत, हा विचार त्याच्या मनात घोळत होता.

१८६२ साली एत्झेल नावाच्या प्रकाशकाशी त्याची भेट झाली. पुढच्याच वर्षी व्हर्नची ‘बलूनमधून पाच आठवडे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. त्या काळी आफ्रिकेचा मध्यभाग युरोपातील लोकांना फारसा माहीत नव्हता. नाईल नदीचा उगम शोधण्यासाठी प्रवासी धडपडत होते. अशा वेळी बलूनमधून तो खंड ओलांडणाऱ्या तीन साहसी प्रवाशांची कथा वाचकांना फार आवडली. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी व्हर्नला आपला मार्ग सापडला.

परंतु यशाच्या पाठोपाठ अपयशही आले. त्याने दुसरी एक कादंबरी लिहून एत्झेलकडे दिली. तीत १९६० सालचे पॅरिस रंगवले होते. तेथे घोड्यांवाचून धावणाऱ्या गाड्या आहेत, नाना प्रकारची यंत्रे आहेत. पण कवीला व काव्याला काही किंमत उरलेली नाही. एत्झेलने ती नाकारली. व्हर्नने हस्तलिखित बाजूला ठेवले आणि नवी कथा लिहावयास घेतली. ते हस्तलिखित १९८९ साली त्याच्या पणतूला एका जुन्या तिजोरीत सापडले आणि १९९४ साली प्रसिद्ध झाले.

यानंतर व्हर्नची लेखणी थांबली नाही. १८६४ साली त्याने वाचकांना पृथ्वीच्या पोटात नेले, १८६५ साली चंद्राच्या वाटेवर, तर १८६९-७० मध्ये ‘नॉटिलस’ या पाणबुडीतून सागराच्या तळाशी. १८७२ साली ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ ही कथा वृत्तपत्रातून क्रमशः येऊ लागली. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला होता, अमेरिकेत पूर्व-पश्चिम लोहमार्ग त्याच वर्षी पुरा झाला होता आणि १८७० साली मुंबई व कलकत्ता ही शहरे रेल्वेने जोडली गेली होती. या घटना सर्वांनीच वाचल्या होत्या. त्यांतून कथा गुंफली ती व्हर्नने. तिचा नायक मुंबईस उतरतो आणि पुढे लोहमार्ग अपुरा आहे असे कळताच हत्तीवर बसून प्रवास करतो.

व्हर्नची कल्पना अशी नेहमी अभ्यासाच्या पायावर उभी असे. वाचलेल्या गोष्टींची तो टिपणे करून ठेवी. अशी वीस हजारांहून अधिक टिपणे त्याच्या संग्रही होती. पाणबुडी हा काही त्याचा शोध नव्हे. रॉबर्ट फुल्टन याने १८०० सालीच ‘नॉटिलस’ नावाची पाणबुडी फ्रान्समध्ये बांधली होती. परंतु ती माणसाच्या हातांनी चालवावी लागे. व्हर्नने आपली पाणबुडी विजेवर चालवली. त्याचे सगळेच तर्क बरोबर ठरले, असेही नाही. त्याचे वीर प्रचंड तोफेतून चंद्राकडे झेपावतात; प्रत्यक्षात तसल्या धक्क्याने माणसे जिवंत राहणार नाहीत.

इतिहासाकडेही त्याने पाठ फिरवली नाही. अमेरिकेतील यादवी युद्धावर त्याने १८८७ साली व कॅनडातील १८३७ च्या उठावावर १८८९ साली कादंबऱ्या लिहिल्या. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नव्हता. तरी १८५७ चा उठाव त्याच्या दोन कादंबऱ्यांत आला. ‘नॉटिलस’चा कप्तान नेमो हा प्रथम पोलंडचा देशभक्त असावा, असे त्याच्या मनात होते. एत्झेलला ते पसंत पडले नाही, म्हणून नेमोचा देश गुप्तच राहिला. पुढे ‘गूढ बेट’ या कादंबरीत नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र असून १८५७ च्या संग्रामात लढला होता, हे रहस्य उलगडले. १८८० साली आलेल्या ‘वाफेचे घर’ या कादंबरीत लोखंडी हत्ती वाफेच्या बळावर चालतो आणि नानासाहेब पेशवेही भेटतात. तेथे नानासाहेबांचे चित्र युरोपीय लोकांच्या नजरेतून काढलेले आहे. ते आपल्याला पटणारे नाही. मात्र स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या नेमोच्या दुःखाशी व्हर्न समरस झाला, हेही खरे.

१८८६ हे साल त्याला कठीण गेले. मनाचा तोल गेलेल्या एका पुतण्याने त्याच्यावर गोळी झाडली. पायात शिरलेल्या त्या गोळीने व्हर्न कायमचा लंगडा झाला. त्याच महिन्यात एत्झेलही निवर्तला. पुढे व्हर्नची दृष्टी अधू झाली. तरीही आमियां या गावी राहून त्याने लेखनाचा नेम चालू ठेवला. १८८८ साली तो नगरपालिकेवर निवडून आला आणि सुमारे पंधरा वर्षे त्याने गावाची सेवा केली. फ्रेंच अकादमीचे सभासदत्व त्याला कधीच लाभले नाही. हा तर मुलांचा लेखक, असे म्हणून पुष्कळ विद्वानांनी त्याला दूर ठेवले. याचे शल्य त्याच्या मनात होते.

२४ मार्च १९०५ रोजी आमियां येथे व्हर्नचा मृत्यू झाला. तोवर त्याच्या पन्नासहून अधिक कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या होत्या. १९६९ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतातून तीन माणसे चंद्राकडे निघाली आणि परत येताना पॅसिफिक महासागरात उतरली. व्हर्नच्या कथेतील तीन वीरही फ्लोरिडातूनच निघतात व त्याच महासागरात येऊन पडतात! परतीच्या वाटेवर असताना नील आर्मस्ट्राँगने व्हर्नच्या त्या पुस्तकाचा आदराने उल्लेख केला. आपल्याकडे भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि मराठी मुलांनाही त्या सफरी घडल्या. विद्वानांच्या सभेत ज्याला आसन मिळाले नाही, त्याला जगभरच्या मुलांनी आपलेसे केले.