बाबासाहेब आणि कामगाराच्या आजारपणाचा विमा

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की आपल्याला राज्यघटना आठवते. त्याआधी चार वर्षे त्यांनी देशाचे मजूर खाते सांभाळले, हे सहसा बोलले जात नाही.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुंबईत ते परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारी राहिले. शिक्षणासाठी न्यूयॉर्क, लंडन आणि थोडे दिवस जर्मनीत बॉनला गेले. या तीन देशांत कामगाराच्या आजारपणाची तीन तऱ्हा होती. जर्मनीत 1883 पासून सक्तीचा विमा; वर्गणीचे दोन हिस्से कामगाराचे, एक मालकाचा. इंग्लंडमध्ये 1911 च्या कायद्याने आठवड्याला कामगाराचे 4 पेन्स, मालकाचे 3 आणि सरकारचे 2. अमेरिकेत असा सक्तीचा विमा नव्हताच.

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. मार्च 1943 मध्ये अर्थतज्ज्ञ प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. 1944 मध्ये अहवाल आला. वर्गणी मालक आणि कामगार दोघांची, औषधोपचार, शिवाय आजारपणात बुडालेल्या पगारापोटी काही रोख रक्कम. मला या शेवटच्या कलमाचे मोल अधिक वाटते. डॉक्टरचे बिल कसेबसे भागते, पण महिनाभर मजुरी बुडाली की माणूस कर्ज मागायला येतो. बँकेच्या काउंटरमागून हे पुष्कळदा पाहिले आहे.

1946 मध्ये त्यांनी ते पद सोडले. राज्य कर्मचारी विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, 19 एप्रिल 1948 ला झाला, तेव्हा ते कायदामंत्री होते. मधुमेहाने शरीर खचत चालले होते. चारच दिवस आधी त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला होता. 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले.

हा कायदा बारमाही कारखान्यांचा होता. हंगामी कारखाने त्यातून वगळले होते आणि त्या यादीत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग नावानिशी होते. म्हणजे आदिलाबादच्या जिनिंगमधला हमाल बाहेर, आणि आपल्या शिवारात कापूस वेचणारी बाई तर बाहेरच. 2007 नंतर टप्प्याटप्प्याने आरोग्यश्री आली. तिथे वर्गणी नाही, पैसा सरकारचा, ऑपरेशन मोफत. खाटेवर पडलेल्या दिवसांची मजुरी मात्र त्यात नाही.