मृत्युदंडाच्या कैद्याच्या जेवणात गाठी मिसळल्या आणि पट्टकृमीचं कोडं सुटलं

साल १८५५. जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये एका कैद्याला मृत्युदंड झाला होता, हातात अगदी थोडे दिवस उरले होते. त्याच्या सूपमध्ये आणि सॉसेजमध्ये एका डॉक्टरनं डुकराच्या मांसातल्या बारीक पांढऱ्या गाठी मिसळल्या.

या डॉक्टरचं नाव फ्रेडरिक क्युखेनमायस्टर.

१८२१ साली सॅक्सनीत जन्मलेला हा माणूस झिटाऊ गावात डॉक्टरकी करायचा. त्या काळी माणसाच्या आतड्यात कित्येक फूट लांबीचा पट्टकृमी, म्हणजे टेपवर्म सापडायचा. डुकराच्या मांसात वाटाण्याएवढ्या पाणीदार गाठी दिसायच्या. पण या दोन गोष्टींचा संबंध काय, हे कोडंच होतं. कृमी शरीरात आपोआप तयार होतात, असं मानणारेही बरेच होते.

क्युखेनमायस्टरला ते पटत नव्हतं. ही गाठ म्हणजे पट्टकृमीचं पिल्लू असणार, असा त्याचा अंदाज होता. आधी त्यानं सशातल्या गाठी कुत्र्यांना खाऊ घातल्या. कुत्र्यांच्या आतड्यात पट्टकृमी सापडले. मग आली माणसाची पाळी.

मृत्युदंडानंतर कैद्याचं शवविच्छेदन झालं, तेव्हा आतड्यात छोटे पट्टकृमी मिळाले. १८६० च्या सुमारास दुसऱ्या कैद्यावर त्यानं हाच प्रयोग केला. यावेळी मधे काही महिने गेले होते, त्यामुळे कृमी चांगलेच वाढलेले होते.

या प्रयोगावर तेव्हाही टीका झाली आणि आजच्या नियमांत तो बसणारच नाही. पण कोडं सुटलं. डुकराला कृमीची अंडी खाऊ घातली की मांसात गाठी होतात, हेही त्या काळातल्या प्रयोगांतून दिसलं. म्हणजे चक्र असं: माणसाच्या विष्ठेतली अंडी डुकराच्या पोटात, डुकराच्या मांसातल्या गाठी माणसाच्या पोटात. पुढे १९०० साली जर्मनीत मांस तपासणीचा देशव्यापी कायदा आला. क्युखेनमायस्टर मात्र १८९० सालीच ड्रेस्डेनमध्ये वारला होता.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. कच्चं डुकराचं मांस खाल्लं तर पट्टकृमी आतड्यात वाढतो. पण पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्यातून, भाजीतून किंवा न धुतलेल्या हातातून पोटात गेली, तर गाठी माणसाच्याच शरीरात होतात, अगदी मेंदूतही. त्यातून फिट्स येतात. त्यामुळे आयुष्यात कधी मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो.

कोबीतली अळी मेंदूत जाते, असे मेसेज फिरतात. पण दोष कोबीतल्या अळीचा नसतो, कोबीला चिकटलेल्या या अंड्यांचा असतो. म्हणून मांस पूर्ण शिजवणं, भाजी आणि हात धुणं, संडासाचा वापर करणं आणि डुकरांना विष्ठेपासून लांब ठेवणं, हे सगळंच महत्त्वाचं आहे.