महाकवी वळ्ळत्तोळ

केरळात भारतप्पुळा नावाची एक मोठी नदी आहे. तेथील लोक तिला प्रेमाने निळा असेही म्हणतात. या नदीच्या काठी चेरुतुरुत्ती हे एक लहानसे गाव आहे. पावसाळ्याच्या दिवसांत, उजाडण्यास बराच अवकाश असताना, या गावातील एका विद्यालयात दिवे लागत. लहान लहान मुले अंथरुणातून उठत, अंगाला तेल लावीत आणि गुरुजींच्या समोर ओळीने उभी राहत. मग गुरुजींच्या हातातील काठी लाकडी ठोकळ्यावर पडू लागे व तिच्या तालावर मुलांची पावले एकदम जमिनीवर आपटत. त्या घनगंभीर आवाजाने गावाला जाग येई. परंतु हे विद्यालय ज्या थोर पुरुषाने उभे केले, त्याला मात्र तो आवाज ऐकू येत नसे. तो पुरुष बहिरा होता. त्याचे नाव महाकवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन.

वळ्ळत्तोळ यांचा जन्म १६ ऑक्टोबर १८७८ रोजी मलबारातील तिरूरजवळच्या चेन्नरा या गावी झाला. वळ्ळत्तोळ हे त्यांच्या घराण्याचे नाव होय. त्या काळी केरळातील नायर समाजात घराणे आईच्या बाजूने चालत असे. त्यामुळे मुलांच्या शिक्षणाची काळजी मामा वाहत. नारायणाचे मामा रामुण्णी मेनन हे संस्कृतचे जाणकार होते. त्यांनी भाच्याला संस्कृत काव्ये शिकविली व त्याबरोबरच अष्टांगहृदय हा आयुर्वेदाचा प्रसिद्ध ग्रंथही पढविला. इंग्रजी शाळेची पायरी नारायण कधी चढला नाही. परंतु घरी झालेले हे शिक्षण इतके सखोल होते, की लहान वयातच तो कविता रचू लागला.

१९०५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वळ्ळत्तोळ यांनी एक मोठेच काम अंगावर घेतले. वाल्मीकींचे संपूर्ण रामायण मल्याळम भाषेत पद्यरूपाने आणावयाचे त्यांनी ठरविले. रामायणाचे श्लोक सुमारे चोवीस हजार. एवढा प्रचंड ग्रंथ त्यांनी अवघ्या दोन वर्षांत पुरा केला. हाती घेतलेले काम तडीस नेल्यावाचून थांबावयाचे नाही, हा त्यांचा स्वभाव येथेच दिसून आला.

यानंतर थोड्याच काळात त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. त्यांच्या कानांना व्याधी जडली आणि ऐकू येणे कमी कमी होत गेले. ते स्वतः वैद्यक शिकलेले होते. तथापि त्या विद्येचा काही उपयोग झाला नाही. वयाची बत्तिशी उलटते न उलटते तोच त्यांच्याभोवती कायमची शांतता पसरली. कवीला शब्दांचा नाद प्राणासारखा प्रिय असतो. त्याचाच कान हरपला, तर त्याचे दुःख किती असेल, याची तुम्हीच कल्पना करा. आपले हे दुःख त्यांनी बधिरविलापम् या काव्यात ओतले. परंतु विलाप करून ते थांबले नाहीत. त्यांची लेखणी पूर्वीपेक्षाही अधिक वेगाने चालू लागली. त्यांच्या कवितांचे साहित्यमंजरी या नावाचे अनेक भाग प्रसिद्ध झाले. महात्मा गांधींना गुरुस्थानी मानून त्यांनी लिहिलेली कविता घरोघरी पोहोचली. १९२२ साली इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात आला असता त्यांना राजसन्मान देऊ करण्यात आला. तो त्यांनी नाकारला. केरळातील लोक त्यांना आदराने महाकवी म्हणू लागले.

एवढ्या कीर्तीवर एखादा मनुष्य संतुष्ट झाला असता. वळ्ळत्तोळ यांना मात्र एका गोष्टीची तळमळ लागून राहिली होती. त्यांच्या डोळ्यांदेखत केरळची एक थोर कला मरणपंथाला लागली होती. ती कला म्हणजे कथकळी.

कथकळी हा केरळातील अभिजात नाट्यप्रकार आहे. सुमारे सतराव्या शतकात तो आकारास आला. रात्री देवळाच्या किंवा वाड्याच्या अंगणात पितळेची मोठी समई पेटविली जाते आणि चेंडा नावाच्या ढोलाचा गजर सुरू होतो. रामायण, महाभारत व भागवत यांतील कथा मग पहाटेपर्यंत रंगत जातात. या नाटकात नट तोंडाने एक शब्दही उच्चारीत नाही. पदे गातात ते मागे उभे असलेले गायक. नट आपला सारा आशय हातांच्या मुद्रांनी, डोळ्यांनी आणि चेहऱ्यावरील भावांनी सांगतो. मूळ मुद्रा चोवीस. परंतु त्यांच्या निरनिराळ्या योजनेने शेकडो शब्द व्यक्त करता येतात. सज्जन नायकाचा चेहरा हिरव्या रंगाने रंगवितात व त्याच्या हनुवटीभोवती तांदळाच्या पिठीची पांढरी कड बसवितात. ही रंगभूषा करण्यासच कित्येक तास लागतात.

अशी ही कला पूर्वी राजे, जमीनदार आणि नंबुद्री ब्राह्मणांची संपन्न घराणी यांच्या आश्रयावर जगत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा आश्रय आटू लागला. नव्या शिक्षणाने शिकलेल्या लोकांना कथकळी जुनाट वाटू लागली. नटमंडळ्या एकामागून एक मोडल्या. थोर थोर गुरू वृद्ध होत चालले आणि त्यांच्याजवळ शिकावयास मुले येईनात. ग्रंथ जळाला, तर त्याची दुसरी प्रत कोठेतरी सापडते. परंतु कथकळी ही कोणत्याही ग्रंथात राहत नाही. ती गुरूच्या देहात राहते. गुरू जर विद्या दिल्यावाचून निघून गेला, तर ती विद्याही त्याच्याबरोबर जाते. वळ्ळत्तोळ यांनी हे ओळखले. कथकळीचे गुणगान करून ती वाचणार नाही, तिच्यासाठी कोवळ्या वयाची मुले तयार केली पाहिजेत, असे त्यांच्या मनाने घेतले.

या कामी मणक्कुळम मुकुंद राजा हे रसिक गृहस्थ त्यांचे उजवे हात बनले. दोघांनी मिळून वर्गणी गोळा करण्यास प्रारंभ केला. शिवाय सोडत काढावयाचे ठरवून त्यांनी तिची तिकिटे लोकांत खपविली. ज्याच्या कवितांना सारा प्रांत मान देत होता, तो महाकवी नाटक शिकणाऱ्या मुलांसाठी लोकांपुढे हात पसरू लागला. अशा रीतीने पैसा उभा राहिला आणि नोव्हेंबर १९३० मध्ये कुन्नंकुळम येथे केरळ कलामंडलम या संस्थेची स्थापना झाली. पुढे ही संस्था काही काळ अंबलपुरम येथे होती व नंतर ती चेरुतुरुत्तीला निळेच्या काठी स्थिर झाली.

संस्थेला इमारत मिळाली. पण तेवढ्याने विद्या येत नाही. वळ्ळत्तोळ यांनी उत्तमोत्तम गुरू शोधून काढले. त्यांमध्ये पट्टिक्कांतोडी रावुण्णी मेनन यांचे नाव अग्रगण्य आहे. ते अत्यंत कडक शिस्तीचे गुरू होते. शिष्याचे बोट जरी चुकीच्या जागी वळले, तरी त्यांच्या नजरेतून ते सुटत नसे. कलामंडलमचे पहिले मोठे नट त्यांच्याच हाताखाली घडले.

येथील शिक्षण कसे असे, ते पाहण्यासारखे आहे. दहा-बारा वर्षांचा मुलगा, म्हणजे तुमच्याच वयाचा, संस्थेत दाखल होई. सहा ते आठ वर्षे शिकावे, तेव्हा कोठे तो नट म्हणून उभा राहण्यास योग्य ठरे. पहाटेच्या अंधारात डोळ्यांचा अभ्यास चाले. डोळ्यांना तूप लावून बुबुळे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे आणि गोल फिरवावयाची; प्रथम सावकाश, मग भरभर. त्यानंतर पावलांचे ताल, हातांच्या मुद्रा आणि शृंगार, वीर, करुण आदी नऊ रसांचा अभिनय. दुपारी पदे पाठ करावयाची. सायंकाळी पुन्हा अभ्यास.

सर्वांत कठीण काळ पावसाळ्याचा. जून महिन्यात केरळात पावसाची झड लागली, की अंगमर्दनाचे दिवस सुरू होत. त्या थंड हवेत सर्वांगाला तेल चोपडून मुले प्रथम उड्या मारीत व व्यायाम करीत. अंग घामाने निथळू लागले, की त्यांना चटईवर पालथे निजावयास सांगत. गुरुजी वरच्या आधाराला हातांनी धरून आपल्या पायांनी शिष्याची पाठ, मांड्या व सांधे दाबीत. नवख्या मुलाच्या डोळ्यांत वेदनेने पाणी येई. परंतु याच मर्दनाने त्याचे गुडघे बाहेरच्या बाजूस वळत, पाठ लवचीक होई आणि पावलांच्या बाहेरच्या कडांवर तोल सावरून तासन् तास उभे राहण्याचे बळ त्याला प्राप्त होई. जड मुकुट आणि घेरदार वस्त्रे अंगावर घेऊन रात्रभर नाचावयाचे, तर शरीर असे घडवावेच लागते.

वळ्ळत्तोळ या अभ्यासाकडे बारकाईने लक्ष देत. तुम्हाला कदाचित वाटेल, की बहिऱ्या मनुष्याला नाटकाची पारख कशी व्हावी? परंतु कथकळीचा नट बोलतो तो हातांनी आणि डोळ्यांनी. ती भाषा ऐकावयाची नसते, पाहावयाची असते. कानांनी साथ सोडली, तेव्हा जगातील बहुतेक नाटके वळ्ळत्तोळ यांच्यापासून दूर गेली असतील. कथकळी मात्र त्यांच्याशी बोलतच राहिली. चेंड्याचा गजर त्यांना ऐकू येत नसे. पण नटाच्या भुवईची किंचितशी हालचाल, बोटाचे सूक्ष्म कंपन त्यांना स्पष्ट उमगत असे.

संस्था चालविणे सोपे नव्हते. गुरूंचे वेतन, मुलांचे अन्नवस्त्र, वेशभूषेचा खर्च यांची तोंडमिळवणी करता करता वळ्ळत्तोळ थकून जात. परंतु त्यांनी धीर सोडला नाही. नटांचे पथक घेऊन ते देशातील निरनिराळ्या शहरांत गेले व परदेशांतही गेले. जेथे कथकळीचे नावही लोकांनी ऐकले नव्हते, तेथे ते खेळ करून दाखवीत व मिळालेले द्रव्य संस्थेच्या कामी लावीत. एका व्यक्तीच्या बळावर अशी संस्था फार काळ टिकणार नाही, हे जाणून १९४१ साली त्यांनी ती कोचीन संस्थानच्या सरकारकडे सोपविली. आपण उभारलेले कार्य दुसऱ्याच्या हाती देणे मनाला जड जाते. पण ते कार्य आपल्यामागे जगावे असे ज्याला खरोखर वाटते, त्याला ते करावेच लागते.

वळ्ळत्तोळ यांनी केवळ कथकळीचाच उद्धार केला असे नाही. मोहिनीआट्टम हे स्त्रियांचे सुंदर नृत्य त्या काळी लोकांच्या अनादराला पात्र झाले होते. कुलीन घरातील मुली ते शिकण्यास धजत नसत. कलामंडलममध्ये त्याचे शिक्षण सुरू करून त्यांनी त्या नृत्याला पुन्हा मानाचे स्थान मिळवून दिले.

१९५४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण ही पदवी देऊन गौरविले. १३ मार्च १९५८ रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, या महाकवीचे देहावसान झाले. चेरुतुरुत्ती येथे, कलामंडलमच्या जुन्या आवारात, त्यांची समाधी आहे.

त्यांनी लावलेले रोप मात्र वाढतच राहिले. १९६५ साली कलामंडलममध्ये कूडियाट्टम या अतिप्राचीन संस्कृत नाट्याचे शिक्षण सुरू झाले. ही विद्या तोपर्यंत चाक्यार व नंब्यार या समाजांतील कुटुंबांत आणि मंदिराच्या नाट्यगृहातच राहिली होती. पैंकुळम राम चाक्यार या थोर गुरूंनी ती इतर समाजांतील मुलांनाही मोकळ्या मनाने शिकविली. २००१ साली युनेस्कोने कूडियाट्टमचा मानवजातीचा अमोल ठेवा म्हणून गौरव केला. पुढे कलामंडलमला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला. रावुण्णी मेनन यांच्यापाशी शिकलेली मुले स्वतः गुरू झाली, त्यांच्या शिष्यांनी आणखी शिष्य घडविले आणि मोडू पाहणारी परंपरा अखंड राहिली.

पूर्वजांचा ठेवा जपणे म्हणजे त्याची नुसती थोरवी गाणे नव्हे. तो ठेवा नव्या पिढीच्या हाती सोपवावा लागतो, आणि तो घेण्याकरिता नव्या पिढीलाही पहाटे उठून कष्ट सोसावे लागतात. ज्या तालाचा आवाज आपल्याला कधीच ऐकू येणार नाही, तो इतरांना ऐकू यावा म्हणून वळ्ळत्तोळ यांनी आपले आयुष्य वेचले. निळेच्या काठी तो ताल अद्यापही घुमत आहे.