दारूला ऊन देणारा अमात्य

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला तेव्हा अष्टप्रधानांत एक तरुण अमात्य होता. वय पंचविशीच्या आसपास. त्याचे नाव रामचंद्र नीलकंठ. पुढे पाच छत्रपतींच्या कारकिर्दी पाहण्याचा योग या माणसाच्या वाट्याला आला. इतिहास त्यांना मुत्सद्दी म्हणून ओळखतो आणि ते खरेच आहे. मला मात्र ते आठवतात ते तोफेच्या दारूला ऊन द्या असे बजावणारे कारभारी म्हणून.

आज दारू म्हटले की डोळ्यांपुढे भलतेच काही येते! त्या काळी दारू म्हणजे बंदुकीची नि तोफेची.

पंतांचे घराणे मूळचे कल्याण-भिवंडीकडच्या कोळवणातले, असे सांगतात. शहापूरच्या मुलखाचे हे जुने नाव. नोकरीत असताना माझी काही वर्षे याच भागात गेली. शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागले की भातसेच्या काठी सापगाव येते. तिथला पावसाळा ज्याने काढला आहे त्याला सर्दावणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मीठ पाणी सोडते, आगपेटी पेट घेत नाही, कपाटातल्या कागदांना बुरशी धरते. अशाच पावसात माहुलीसारखा गड उभा असतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत स्वराज्यात आला. अशा गडावर चार महिने दारू कोरडी ठेवायची म्हणजे काय काम असेल, याचा विचार आपण कधी करत नाही.

दारूत जिन्नस तीनच: सोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक, हे तिचे चांगले प्रमाण. पण प्रमाण जमले म्हणजे काम झाले असे नाही. जाड दाण्याची दारू सावकाश जळते, ती मोठ्या तोफेला मानवते. बंदुकीला बारीक दाणा लागतो. तोफेच्या कान्यात घालायची रंजक तर त्याहून बारीक. आणि हे सगळे जुळले तरी कोळसा हवेतला ओलावा ओढतो, सोरा अशुद्ध असेल तर तोही ओढतो. सर्दावलेली दारू फुसफुसते आणि गोळा अलीकडेच पडतो. म्हणजे चांगली दारू निवडणे हे अर्धेच काम, ती चांगली राखणे हे उरलेले अर्धे.

पंतांनी हे संकटात पाहिले होते. १६८९ साली संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. मागे महाराष्ट्राचा कारभार हुकुमतपन्हा या अधिकाराने रामचंद्रपंतांकडे आला. समोर औरंगजेबाची अफाट फौज. संताजी-धनाजी मैदानात झुंजत होते आणि पंत विशाळगडावरून माणसे, पैसा, धान्य आणि गड सांभाळत होते. १६९८ मध्ये राजाराम महाराज परतले तेव्हा त्यांना परतायला राज्य शिल्लक होते. पुढे १७०० मध्ये महाराज गेले आणि पंतांनी कोल्हापूरच्या गादीची बाजू धरली.

१७१५ च्या सुमाराचे आज्ञापत्र कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावाने निघाले, पण त्याचे कर्तेपण पंतांकडे दिले जाते. त्यात राजाची कर्तव्ये आहेत, टोपीकरांपासून सावध राहण्याचा इशारा आहे. आणि त्यातच दारूखान्याचीही बारीक तजवीज आहे. दारूखाना घराजवळ नसावा, घरावरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेतही नसावा. भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. तळघराला गच्ची जमीन, त्यावर माचे आणि माच्यांवर दारूची मडकी. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. रात्रंदिवस पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणालाही आसपास फिरकू देऊ नये.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमची तिजोरीची खोली आठवली. दोन किल्ल्या दोघांकडे, मोहोरबंद पाकिटे, नोंदवही, अचानक होणारी तपासणी. नव्या पोरांना हे सारे कटकटीचे वाटते. कारण नियम पाळल्याने जे टळते ते कोणाला दिसत नाही.

नियम हुकला की काय होते, ते मात्र दिसते. सिंहगडावर १७५१ मध्ये दारूच्या कोठारावर वीज पडली आणि जवळच राहणाऱ्या फडणिसाचे घर माणसांसकट गेले, असे सांगतात. वीज कोणाच्या हातात नसते. पण कोठार आणि घर यांच्यात किती अंतर राखायचे, हे माणसाच्या हातात असते, आणि पंतांनी ते काही दशके आधीच लिहून ठेवले होते.

१७१६ च्या सुमारास पंत वारले. गडावर जाल तेव्हा मुलांना बुरूज दाखवा, तोफा दाखवा. आणि दारूचे कोठारही जरूर दाखवा. कोण्या एका हवालदाराने दर पंधरवड्याला तिथली मडकी उचलून उन्हात ठेवली असतील. त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही. पण त्याने टाळाटाळ केली असती, तर बुरुजावरची तोफ ऐन वेळी मुकीच राहिली असती.