एक नंबरचा परवाना

सकाळी मेहरूण तलावावर फिरायला जाते तेव्हा काठावर दोन-चार जण गळ टाकून बसलेले दिसतात. सगळे पुरुष. बाजारात मासे विकायला पाटी घेऊन बसतात त्या मात्र बायका. हातात गळाची काठी घेतलेली बाई जळगावात काय, माहेरी धुळ्याला पांझरेच्या काठीही मी कधी पाहिली नाही. त्यामुळे कॉर्नेलिया क्रॉस्बीबद्दल वाचलं तेव्हा ही बाई काही डोक्यातून जाईना. म्हटलं, तुम्हालाही तिची ओळख करून द्यावी.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. जंगलं, तळी आणि कडाक्याची थंडी. तिथल्या फिलिप्स या लहान गावात १८५४ साली ती जन्मली. वडील ती लहान असतानाच क्षयानं गेले. तिची स्वतःची तब्येतही तोळामासाच. गावातल्या बँकेत नोकरीला लागली, पण प्रकृती साथ देईना. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितलं. काळ लक्षात घ्या हं. आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर होऊन परतल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात क्षयानंच गेल्या, तो हा काळ. आजारी मुलीला अंधाऱ्या खोलीत निजवायची रीत आपल्याकडे किती वर्षं चालली!

कॉर्नेलिया जंगलात गेली. तळ्यांवर माणसांना मासेमारीला नेणारे वाटाडे असत, त्यांच्याकडून शिकत गेली. १८८६ मध्ये तिला बांबूच्या पट्ट्या जोडून केलेली, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाची काठी भेट मिळाली आणि मग तिनं मागे वळून पाहिलं नाही.

ही मासेमारी आपल्यासारखी नाही बरं का. आपल्याकडे गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावतात, वर शिसं बांधतात. त्या वजनानं दोरी लांब जाते. तिच्या गळाला असते माशी, तीही खोटी! बारीक गळावर पिसं, केस आणि रेशमाचा दोरा गुंडाळून केलेली. थंड पाण्यातला ट्राउट मासा पाण्यावरचे किडे खातो, त्याला फसवायला. आता पिसाला कसलं आलंय वजन? म्हणून इथे फेकायची ती दोरीच. तेव्हा ती रेशमाची, तेल दिलेली असे. आसूड डोळ्यांसमोर आणा. काठी झपकन मागे न्यायची आणि डोक्याच्या जरा मागे थांबवायची. पाठीमागे दोरी पूर्ण उलगडली की तसंच पुढे आणायचं, आणि पुढेही थांबवायचं. शिकवणारे घड्याळाचं उदाहरण देतात, दहा आणि एक, या दोन आकड्यांच्या मध्येच काठी हलली पाहिजे. नवशिक्याची चूक एकच, घाई. मागची दोरी उलगडायच्या आत पुढे ओढली तर फटका बसून माशी तुटते, नाहीतर सगळी दोरी डोक्यावर गोळा होते. यात ताकदीचं काही काम नाही. माशी पाण्यावर अलगद उतरली पाहिजे, आपटली की मासा पळाला.

नवशिक्यांना आधी गवतावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करायला लावतात. मीही गच्चीवर काठीला सुतळी बांधून बघितलं. सुतळी वाळत घातलेल्या बिबड्यांवर जाऊन पडली आणि सासूबाईंनी जे काय ऐकवायचं ते ऐकवलं!

कॉर्नेलियानं आपले अनुभव लिहून गावच्या वर्तमानपत्राला दिले. संपादकांनी ते ‘फ्लाय रॉड’ या टोपणनावानं छापले. फ्लाय रॉड म्हणजे ही माशीच्या गळाची काठी. पुढे तेच तिचं नाव झालं आणि सदर वर्षानुवर्षं चाललं. वाचून शहरांतले लोक मेनला यायला लागले. आले की त्यांना वाटाड्या लागे, राहायला जागा लागे, गावाच्या हाताला काम मिळे. न्यूयॉर्कच्या शिकार-मासेमारीच्या प्रदर्शनात तिनं लाकडी ओंडक्यांची झोपडी उभी केली. तिथे तिचा घोट्याच्या वर असलेला घागरा बघून म्हणे माशांपेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली. चिखलात, होडीत वावरणाऱ्या बाईनं काय जमिनीवर लोळणारा घोळ सांभाळायचा?

१८९७ मध्ये मेन राज्यानं वाटाड्यांना नोंदणी सक्तीची केली. त्या पहिल्या वर्षी तेराशेच्या वर नावं नोंदली गेली, बहुतेक सगळी पुरुषांची. पहिल्या नंबरचा परवाना मिळाला तो कॉर्नेलियाला.

एक गोष्ट मला खटकते. एका दिवसात तिनं दोनशे ट्राउट धरले होते, असं सांगतात. इतके कशाला? पण मासे किती धरावेत याला कायद्यानं मर्यादा असावी, असा आग्रह पुढे तिनंच धरला, हेही खरं.

१८९९ मध्ये आगगाडीतून उतरताना ती पडली. गुडघा असा दुखावला की पुढे जन्मभर पायानं नीट साथ दिली नाही. लग्न केलं नव्हतं, पोट लेखणीवर. जंगलातली पायपीट कमी झाली तरी लिहिणं थांबलं नाही. १९४६ च्या नोव्हेंबरात, ब्याण्णवावा वाढदिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. फिलिप्सच्या परिसरात आज तिच्या नावाची एक लांब पायवाट आहे, जंगलातून तळ्यांकडे जाणारी.